विसळून ठेवलेली ताटं

मोठ्या साहेबांनी वाडग्याच्या आतून बोट फिरवलं, ते बोट खिडकीच्या उजेडात धरलं आणि वाडगा धाकटीच्या पुढ्यात सरकवला.

लांबून पाहिलं तर वाडगा लख्ख होता. पण आत, तळाच्या जरासं वर, एक दुधाळ कडं उमटलं होतं. दिसायला पुसट, पण बोटाला मांजरीच्या जिभेसारखं खरखरीत.

"हा हिशेबनीसांच्या घरचा," साहेब म्हणाले. "तो पलीकडचा गाडीच्या चालकाच्या घरचा. आणि हा..." त्यांनी तिसरा उचलला, "हा आमच्याच घरचा. बायकोने मुद्दाम कागदात गुंडाळून दिलाय. म्हणाली, 'दाखवा तुमच्या हुशार माणसांना.' आता बोला, फवारेबाई."

"साहेब, प्रयोगशाळेत हेच वाडगे..."

"प्रयोगशाळेत आरशासारखे निघतात, ठाऊक आहे मला. पण लोक प्रयोगशाळेत जेवत नाहीत, बाई."

धाकटीने वाडगा हातात घेऊन फिरवला. घरी तीन बहिणींतली शेवटची म्हणून ती धाकटी, आणि कारखान्यात फवारेबाई, कारण भांडी धुण्याच्या यंत्रात खालून गरगर फिरणारा पाण्याचा फवारा तिच्या हातचा. केस पिकायला लागले तरी घरी तिचं धाकटेपण काही सुटलं नव्हतं. आपणही तिला धाकटीच म्हणू, कारण ही गोष्ट फिरून फिरून तिच्या घरच्या ओट्याशीच येऊन थांबणार आहे.

तर या नव्या यंत्राला एक डोळा होता. खरोखरीचा नव्हे, कारखान्यातली माणसं त्याला डोळा म्हणत. पाणी परत फिरायच्या नळीत एका अंगाला बारीक दिवा, समोरच्या अंगाला तो उजेड मोजणारा एक ठिपका. मधून जायचं ते भांड्यांवरून निथळून आलेलं पहिलं पाणी. ते गढूळ असलं की उजेड अडायचा, आणि यंत्र ओळखायचं की आज काम भारी आहे. मग ते बाह्या सरसावून लांबलचक धुणं काढायचं. पाणी नितळ असलं की थोडक्यात आवरतं घ्यायचं. पाणी वाचायचं, वीज वाचायची, आणि धाकटीच्या लेखी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे वेळ वाचायचा.

वेळेचं तिला एवढं का? तर आईमुळे.

आईच्या बोटांची पेरं सुजून त्यांच्या गाठी झाल्या होत्या. गार पाण्यात हात गेला की कळ थेट कोपरापर्यंत जायची. देवापुढे हात जोडले की तळवे मिळायचे, पण बोटं काही मिळायची नाहीत. मध्ये फट राहायची. "राहू दे, देवाला फटीतूनही दिसतं," असं म्हणून आई हसायची. धाकटीने आधी एक जुन्या पद्धतीचं यंत्र घरी आणलं होतं. ते चालू केलं की चालतच राही. आई थोडा वेळ त्याच्यासमोर बसे, मग उठे, आणि "एवढ्यात माझी धुऊन, पुसून, मांडून झाली असती," असं म्हणत सगळं हाताने घासून मोकळी होई. शेवटी शेवटी तर ती त्या यंत्रात कांदे-बटाटे ठेवायला लागली. त्या दिवशी धाकटीने मनाशी गाठ बांधली होती: आईला उठू देणार नाही असं यंत्र मी करीन. डोळा त्यासाठीच बसवला होता.

आणि आता साहेब म्हणत होते, "डोळा काढून टाका."

"काढून?"

"काढून. सगळ्यांना एकच, जुनं, लांब धुणं. वेळ लागला तर लागला, पण वाडगा तरी स्वच्छ निघेल. सोमवारच्या बैठकीत मी हेच सांगणार आहे."

"सोमवारपर्यंत मला कारण शोधू द्या."

"शोधा. पण बाई," साहेब जरा मऊ आवाजात म्हणाले, "डोळ्याच्या प्रेमात पडू नका. तो एक सुटा भाग आहे."

धाकटीने तिन्ही वाडगे उचलले आणि ती तडक प्रयोगशाळेत गेली.

तिथे खरकटेताई बसल्या होत्या. भांडी घाण करण्याचा पगार घेणारी कारखान्यातली ही एकमेव बाई. अंड्याचा बलक, दूध, चहा, पिठाची पातळ पेज असं सगळं त्या ब्रशने ताटा-वाडग्यांना लावायच्या, एखादं चित्र रंगवावं तसं एकसारखं. मग भट्टीत वाळवून कडक करायच्या. घरी नवऱ्याने ताटात एक घास टाकलेला त्यांना खपायचा नाही, आणि इथे चमचाभर बलक कमी लागला तर त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

"ताई, मला असा वाडगा हवाय," धाकटी म्हणाली, आणि तिने ते खरखरीत कडं दाखवलं.

ताईंनी चष्मा नाकावर ओढून पाहिलं. "हे दूध आहे. वाळलेलं. पण हे आपल्या यंत्रातून असं निघालं? माझं दूध तर कधी राहत नाही."

"तेच तर शोधायचंय."

दोघी कामाला लागल्या. दूध जास्त लावलं, दूध जास्त वाळवलं. पाणी गार ठेवून पाहिलं, साबण कमी घालून पाहिला. वाडगे मुद्दाम वेडेवाकडे, एकमेकांच्या उरावर बसवले. एक चमचा असा लोंबता ठेवला की फवारा फिरताना त्याला अडेल. यंत्र बिचारं अडखळलं, ठकठकलं, पण दर खेपेला वाडगे बाहेर आले ते नवरीच्या आरशासारखे.

"अगं, हे यंत्र माझा अपमान करतंय," खरकटेताई वैतागून म्हणाल्या. "मी एवढी घाण करते आणि हे एवढंसं शिल्लक ठेवत नाही!"

"इथे राहत नाही आणि घरी राहतं. म्हणजे घरी असं काहीतरी होतं जे आपण इथे करत नाही. चला, घरं पाहू."

नवं यंत्र बाजारात जाण्याआधी ते कारखान्यातल्याच काही जणांच्या घरी बसवून पाहायची इथली रीत होती. आपलीच माणसं, काही बिघडलं तर बाहेर बोभाटा होत नाही, असा त्यामागचा हिशेब. त्या सगळ्या घरी दोघी फिरल्या. सगळीकडे त्यांचं स्वागत असं झालं की जणू सोयरीक जमवायला आल्या आहेत. हिशेबनीसांच्या बायकोने यंत्रावर भरतकाम केलेला रुमाल घातला होता. चालकाचे वडील त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आमच्या मुलाच्या कारखान्याचं आहे हे," जसं काही मुलानेच ते एकट्याने ओतून, ठोकून उभं केलं होतं.

"भांडी कशी ठेवता?" धाकटी विचारायची.

"तुम्ही सांगितलीत तशीच."

"खरकटं काढून, न विसळता?"

"हो तर, न विसळता," असं सगळेच म्हणत. आणि म्हणताना कुणी छताकडे पाही, कुणी चहाचं विचारी.

खरकटेताई मात्र प्रत्येक घरी गुडघे टेकून यंत्राच्या तळाची गाळणी बाहेर काढत, उलटीपालटी करून पाहत आणि परत बसवत. शेवटच्या घरून बाहेर पडल्यावर त्या रस्त्यातच थांबल्या.

"अगं, एक सांगू? इतकी स्वच्छ गाळणी मी उभ्या जन्मात पाहिली नाही. ना शीत, ना साल, ना भाजीचा देठ. ही माणसं जेवतात की नुसती हवा खातात?"

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. एकदम तिच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या घरची गाळणी आली. तीही अशीच असायची. दर आठवड्याला ती उघडून पाहायची आणि मनात म्हणायची, आपलं यंत्र किती छान चालतंय.

"ताई, माझ्या घरी चला. आत्ता."

"आत्ता? भर दुपारी? आई जेवून आवरत असतील."

"म्हणूनच."

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून नळाची धार ऐकू येत होती, आणि धारेवर आईचं गाणं. देवाचं जुनं गाणं, तिने तिच्या आईकडून घेतलेलं. ओळ संपताना आवाज जरा खाली उतरायचा आणि पुढच्या ओळीसाठी पुन्हा वर चढायचा. खरकटेताई उंबऱ्यातच थबकल्या. "गळा काय गोड आहे गं!" धाकटीने ओठांवर बोट ठेवलं.

आई सिंकपाशी उभी होती. एकेक ताट नळाखाली धरत होती, घासणीचा हलका हात फिरवत होती, पुढून मागून निरखत होती, आणि मग वाकून ते यंत्राच्या कप्प्यात असं ठेवत होती, जसं झोपलेलं तान्हं पाळण्यात ठेवावं.

"आई!"

आईच्या हातून पेला निसटता निसटता राहिला. "अगं बाई! तू या वेळेला? बरं नाही का वाटत?"

"तू काय करते आहेस?"

"यंत्रात भांडी ठेवतेय. तूच सांगितलंस ना, हाताने धुवायची नाहीत म्हणून."

"मग हे काय चाललंय?"

"हे कुठे धुणं आहे? नुसती विसळते मी."

"साबणाने?"

"थोडासाच," आई म्हणाली, आणि तिने घासणी हळूच पाठीमागे नेली.

खरकटेताईंना हसू आवरेना. "मावशी, तुम्ही तर माझ्या पोटावर पाय दिलात! खरकट्यावर चालतं माझं घर."

धाकटीला मात्र हसू येत नव्हतं. तिची नजर आईच्या हातांवर होती. लाल, ओले, पेरापेरांशी फुगलेले. "आई, मी हे यंत्र कुणासाठी केलं?"

"माझ्यासाठी."

"मग?"

"माझ्यासाठी केलंस म्हणूनच जपते ना," आई म्हणाली. "तू त्याच्यापायी किती राबलीस ते मी पाहिलंय. ताटातलं जेवण गार व्हायचं तुझं. त्या यंत्राच्या तोंडात मी उष्टं खरकटं कोंबू? माझं मन होत नाही गं. आणि तुमची माणसं येऊन जाळ्या उघडून बघतात. काही सापडलं तर म्हणतील, फवारेबाईंच्याच घरी बघा कसं ठेवलंय."

धाकटीने नळ बंद केला.

"आणि आणखी एक," आई जरा ओशाळून म्हणाली, "नळाखाली हात असले की गाणं आपोआप येतं. नुसतं बसून मला गाता येत नाही. अवघडल्यासारखं होतं."

धाकटीने डोळे पुसले, बाह्या वर केल्या आणि कप्प्यातून सकाळचा दुधाचा वाडगा बाहेर काढला. ओला होता तोवर तो चकचकीत दिसत होता. तिने तो पुन्हा जागच्या जागी ठेवला, दार लावलं, यंत्र सुरू केलं. यंत्राने पहिलं पाणी घेतलं, डोळ्याने ते पाहिलं, आणि पाणी होतं झऱ्यासारखं नितळ. थोडक्यात आटपून यंत्र थांबलं. वाडगा वाळू दिला, आतून बोट फिरवलं.

खरखर.

"सापडलं!" धाकटी ओरडली, आणि तिने आईला आणि ताईंना एकदमच मिठी मारली. आईला कळेना की आपल्याला रागावलं जातंय की आपलं कौतुक होतंय.

झालं होतं ते असं. वरवरचं, सुटं खरकटं आई आधीच काढून टाकत होती. भांड्याला घट्ट चिकटून बसलेलं दूध तेवढं मागे राहत होतं. पाणी गढूळ करतं ते सुटं खरकटं. तेच नाही म्हटल्यावर डोळ्याला वाटायचं, आज भांडी जवळजवळ स्वच्छच आहेत. प्रयोगशाळेत हे कधी घडलं नाही, कारण खरकटेताई भांडी घाण करायच्या ती मन लावून, आणि विसळायचं त्यांच्या स्वप्नातही यायचं नाही. आणि घरोघरी घडलं, कारण यंत्र आपल्या कारखान्याचं होतं. त्याला नावं ठेवली जाऊ नयेत म्हणून सगळ्यांनी त्याची कड घेतली होती, आणि कड घेता घेता त्याला आंधळं करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावर थाप मारली. "मग प्रश्नच मिटला! मोठ्या अक्षरात लिहा, 'विसळू नका.' लाल रंगात लिहा."

"लिहिलंय, साहेब. दाराच्या आतल्या बाजूला. लाल रंगातच."

"मग लोक वाचत नाहीत का?"

"वाचतात. साहेब, एक विचारू? तुमच्या घरी कोण विसळतं? बाईसाहेब?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खिडकीबाहेर पाहिलं. "मी," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"आता काय सांगायचं! एवढी वर्षं इथे काढली. आपल्या यंत्रात घाणेरडं ताट ठेवायचं म्हणजे... हात धजत नाही. बायको आत गेली की मी पटकन नळाखाली धरतो." मग एकदम आवाज चढवून ते म्हणाले, "पण म्हणूनच सांगतो, डोळा काढा! माणसांचं आपण काही करू शकत नाही."

"माणसांचं काही करायचंच नाहीये," धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिलाही अनोळखी वाटावा इतका ठाम निघाला. "ज्यांना जीव लावायचाय ते लावणारच. विसळलेली ताटं आली तर विसळलेली, न विसळलेली आली तर न विसळलेली. दोन्ही आपल्याच माणसांची. डोळ्याला नीट पाहायला शिकवायचंय, एवढंच. मला सोमवारपर्यंतचा शब्द दिलाय तुम्ही."

साहेबांनी हात झटकले. "घ्या. पण मला काही आशा नाही."

पुढचे दिवस धाकटीने मान वर केली नाही. डोळ्याने पहिलं पाणी पाहून भागत नाही, हे उघडच होतं. चिकटलेलं दूध सुटतं ते ऊन साबणाच्या पाण्याने, तेही जरा वेळाने. म्हणजे डोळ्याने दुसऱ्यांदा पाहायला हवं, साबण फिरून झाल्यावर. तिने तशी मांडणी केली. खरकटेताईंनी पहिल्यांदाच आयुष्यात भांडी माखून, वाळवून मग नळाखाली विसळली. "हे पाप माझ्या माथी लिहू नकोस," त्या म्हणाल्या.

पण दुसऱ्यांदा पाहायला लावलं तर डोळा भलताच गोंधळला. साबणाचा फेस नळीत शिरायचा, उजेड अडायचा, आणि यंत्राला वाटायचं की केवढी ही घाण! दर वेळी लांब धुणं. साफ धुतलेली, कोरी भांडी ठेवली तरी लांब धुणं. आधी डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, आता त्याला जिकडे तिकडे घाणच दिसायला लागली.

साबण बदलून पाहिला. दिव्याचा रंग बदलून पाहिला. डोळा नळीत खाली सरकवला, वर सरकवला. नाकी नऊ आले. यंत्र जोडणारा कारागीर दर वेळी नळी सोडवताना म्हणे, "फवारेबाई, आता या नळीला माझा राग यायला लागलाय." शनिवार उजाडला तेव्हा ताईंनीसुद्धा ब्रश खाली ठेवला. "अगं, आता देवावर सोड."

"देवावर सोडलंच आहे," धाकटी म्हणाली. "पण त्याने हात मला दिलेत, ते रिकामे ठेवायला नव्हे."

प्रयोगशाळेत एक काचेच्या दाराचं यंत्र होतं, आतलं पाहायला म्हणून केलेलं. धाकटी त्याच्यासमोर फरशीवर बसली. फवारा फिरत होता, फेस उसळत होता, काचेवर पांढऱ्या ओघळांखेरीज काही दिसत नव्हतं. वैतागून तिने यंत्र मध्येच बंद केलं. आता कुठली नळी सोडवावी या विचारात ती तशीच बसून राहिली. बघता बघता फेस खाली बसला. एकेक बुडबुडा फुटला, विरला. काच मोकळी झाली. तळाशी साचलेलं पाणी संथ झालं, आणि त्या संथ पाण्यात दुधाचा पांढुरकेपणा ढळढळीत दिसला. तिला चष्म्यातून दिसला, मग यंत्राच्या डोळ्याला का दिसणार नाही?

"ताई! थांबायला हवं. नुसतं थांबायला हवं!"

मधेच थांबायचं, फेस बसू द्यायचा, मग पाहायचं. आणि थांबण्याचा आणखी एक फायदा निघाला, जो तिने मागितलाही नव्हता. त्या थांबण्यात वाडग्याला चिकटलेलं दूध ऊन ओलाव्याने फुगायचं, सैल व्हायचं, आणि फवारा पुन्हा सुरू झाला की पहिल्याच तडाख्यात सुटायचं. जेवणाची सुटी व्हायच्या आत त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. विसळलेली भांडी, न विसळलेली, अर्धवट विसळलेली. सगळे वाडगे गुळगुळीत.

मोठे साहेब येऊन काचेपुढे उभे राहिले. पाहिलं, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग हनुवटी खाजवत म्हणाले, "वाडगा ठीक आहे. पण बाई, हे यंत्र मधेच गप्प होतं. गप्प झालेलं यंत्र म्हणजे लोकांच्या मते बिघडलेलं यंत्र. ते उठणार, दार उघडणार, भांडी काढून हाताने घासणार. पहिली तर तुमची आईच उघडेल."

हे मात्र खरं होतं. आईला धाकटीइतकं कोण ओळखत होतं!

"उद्या तुमच्या घरी येतो," साहेब म्हणाले. "आईला आधी काही सांगायचं नाही. त्यांनी दार उघडलं, तर डोळा काढायचा. नाही उघडलं, तर बैठकीत मी डोळ्याविरुद्ध बोलणार नाही. कबूल?"

"कबूल," धाकटी म्हणाली. दुसरं काही म्हणण्याची सोयच नव्हती.

रविवारी दुपारी साहेब आणि खरकटेताई जेवायलाच आले. आईला कोण आनंद! कारागिराने सकाळी येऊन यंत्रात काहीतरी बदललंय, एवढंच तिला ठाऊक होतं. जेवणं झाली. पाहुणे समोर असल्यामुळे आईने भांडी नेहमीपेक्षाही जास्त विसळली. धाकटीने एक शब्द काढला नाही. टेबलाची कड तेवढी घट्ट धरून बसली. साहेब तोंडाला चहाचा पेला लावून सगळं पेल्यावरून पाहत होते. दुधाचा वाडगाही विसळून आत गेला. दार लागलं. यंत्र सुरू झालं.

धप, धप, धप. फवाऱ्याचं पाणी दारावर आपटत होतं. आई यंत्रासमोरच्या स्टुलावर बसली आणि ताईंशी त्यांच्या गुडघ्यांबद्दल बोलू लागली.

आणि यंत्र थांबलं.

स्वयंपाकघरात एकदम शांत झालं. आई बोलता बोलता थांबली. तिने यंत्राकडे पाहिलं. "बंद पडलं वाटतं," ती म्हणाली.

ताईंनी डोळे मिटून घेतले होते.

आई उठली. यंत्रापाशी गेली. तिची गाठाळलेली बोटं दाराच्या मुठीवर टेकली. धाकटीच्या ओठांवर शब्द आले होते, "आई, नको". तिने ते दातांखाली दाबून धरले. आता यंत्राने आपलं आपण बोलावं. जन्मभर ती आईच्या मागे लागून मदत करू पाहत होती, आणि जन्मभर आई तिच्या हातून भांडं काढून घेत होती. आजच्या या वेळेला मात्र तिला हात जागचा हलवायचा नव्हता.

आईने दार उघडलं नाही. तिने मान कलती करून दाराला कान लावला. आत ताटांवरून पाणी निथळत होतं. टप. टप. टप.

"नाही गं," आई वळून म्हणाली. "श्वास घेतंय."

"काय घेतंय?" साहेबांनी विचारलं.

"श्वास. एवढं एका दमात कोण गाईल? एक कडवं झालं, आता दुसरं म्हणेल." आणि ती परत स्टुलावर येऊन बसली, ताईंच्या गुडघ्याकडे वळली. "हं, तर तुम्ही जिन्याचं काय सांगत होता?"

थोड्याच वेळात यंत्र पुन्हा धपधपायला लागलं. धाकटीने टेबलाची कड सोडली. बोटांवर तिचा ठसा उमटला होता.

वाडगा बाहेर आला. साहेबांनी तो वाळेपर्यंत धीर धरला, मग आतून बोट फिरवलं. बोट कुंईकन वाजलं. त्यांनी वाडगा खाली ठेवला, आणि कुणी न सांगता पुन्हा उचलून पाहिला.

"ठरल्याप्रमाणे," ते म्हणाले, "मी उद्या गप्प बसतो."

"गप्प नको, साहेब," धाकटी म्हणाली. "बोला. तुमच्या घरचा वाडगाही सोबत आणा."

साहेब हसले. "आणतो. आणि तो मी विसळला होता हेही सांगतो. काय व्हायचं ते होऊ दे."

पाहुणे गेल्यावर धाकटीने सगळं सांगितलं, तशी आई यंत्राकडे निरखून पाहू लागली. "म्हणजे मी विसळलंय की नाही, हे याला आता कळतं?"

"कळतं. वरून साफ असलं तरी आत काय चिकटलंय ते थांबून पाहतं."

"मग मी उगीचच विसळत होते म्हण की!"

आठवडाभर धाकटीने या वाक्याची उत्तरं मनात घोळवून ठेवली होती, एकापेक्षा एक झणझणीत. तिने ती सगळी गिळली आणि नुसती मान हलवली.

संध्याकाळी दूध तापवताना आईचं लक्ष कुठेतरी गेलं आणि दूध पातेल्याच्या बुडाला चांगलंच लागलं. ती पातेलं घेऊन सिंकपाशी गेली. एक हात नळावर ठेवला. उभी राहिली. मग नळ तसाच सोडून ती वळली, यंत्राचं दार उघडलं आणि ते काळंपांढरं पातेलं, जसं होतं तसं, आत उपडं घातलं. "बघू या तरी, केवढी छाती आहे याची."

ती स्टुलावर बसली. हात कोरडेच होते, तरी सवयीने तिने ते पुसले. यंत्र सुरू झालं. धप, धप, धप. बसल्या बसल्या तिची मान डोलायला लागली; आधी पुटपुट, मग गुणगुण, मग नीट गाणं. यंत्र मध्ये थांबलं तशी तीही थांबली. ते सुरू झालं तशी पुढची ओळ उचलली.

धाकटी दाराआड उभी राहून ऐकत होती. तिथून ती हलली ती पातेलं बाहेर आल्यावर. कडा चकचकीत, आतली बाजू चकचकीत. पण बुडाशी, बरोबर मधोमध, एक करपलेला डाग तसाच होता.

"एवढाच राहिलाय," आई म्हणाली, आणि तिचा हात घासणीकडे गेला. "काढून टाकते एका मिनिटात."

"हात लावायचा नाही!"

धाकटीने पातेलं तिच्या हातातून घेतलं, उजेडात धरलं, त्या डागाभोवती नखाने एक फेरी मारली. फवाऱ्याची धार तिथे तिरकी लागत असावी. मधलं भोक जरासं वळवायला हवं. तिने पातेलं कागदात गुंडाळलं आणि सकाळी निघताना विसरायला नको म्हणून दारापाशी, आपल्या चपलांच्या शेजारी नेऊन ठेवलं.

"अगं, पण उद्या दूध कशात तापवू?" आईने आतून विचारलं.

"दुसऱ्या पातेल्यात," धाकटी म्हणाली. "आणि तेही लागलं तर राहू दे तसंच. मला हवंय."